उपदेशकाने ऐकलेले हुंदके

२९ ऑगस्ट १९०६ रोजी रेव्हरंड बाबा पदमनजी यांनी देह ठेवला. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला एकच ओळ येते: पहिली मराठी कादंबरी 'यमुनापर्यटन', १८५७. तिचा लेखक ख्रिस्ती पाळक होता, हे बहुतेकांच्या कानावरही पडत नाही.

बेळगावच्या कासार घरात १८३१ साली जन्मलेला हा मुलगा देवभोळ्या वातावरणात वाढला. पुढे मुंबईत मिशनच्या शाळेत शिकताना तो परमहंस सभेत जाऊ लागला. तिथे जातपात मोडून सगळे एकत्र पाव खात, पण बाहेर कोणाला पत्ता लागू देत नसत. बाबांना अशी झाकली मूठ मानवली नाही. १८५४ मध्ये त्यांनी बेळगावात उघडपणे बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ आपल्या माणसांना मुकणे असाच होता.

तीन वर्षांनी 'यमुनापर्यटन' आले. लिहितीवाचती यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि गावोगावी विधवांना भेटते. कोणाचे केशवपन झालेले, कोणी घरच्यांच्या बोलण्याने पिचलेली. यमुना त्यांच्याजवळ बसते, विचारते आणि ऐकते. पुढे तिच्या स्वतःच्याच कपाळी वैधव्य येते. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. कागदावरचा कायदा माजघरापर्यंत पोचला नव्हता. बाबांची लेखणी मात्र तिथवर गेली. आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे प्रवचन हेच.

कादंबरी शेवटी धर्मांतराकडे वळते, आणि तिथे कथेवर उपदेशाचा भार पडतो हे खरे. पण तो भाग बाजूला सारून बाबांना 'समाजसुधारक' एवढेच म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. परक्या बाईच्या दुःखापाशी थांबण्याचे बळ त्यांना त्याच श्रद्धेने दिले. मराठीवरचा त्यांचा जीवही तसाच. १८६० चा 'शब्दरत्नावली' हा कोश, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचा संक्षेप, शंभराच्या आसपास लहानमोठी पुस्तके आणि १८८८ चे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र, एवढे काम या पाळकाने मागे ठेवले.

मराठी शिकवणाऱ्यांना आमची एक विनंती आहे. यंदा 'यमुनापर्यटन' वर्गात अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवा, शेवटच्या धर्मांतरासकट.