श्वासावर लक्ष कोणाचं?

छातीतली जळजळ औषधांना दाद देत नाही, घास अडकतो किंवा शौचाला काळं होतं, अशी तक्रार घेऊन गेलं की पोटाचे डॉक्टर दुर्बिणीची तपासणी सांगतात. रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘झोपवणार ना?’ करंगळीएवढी जाड नळी घशातून उतरणार म्हटल्यावर धास्ती वाटणारच. पण झोपवल्यावर माझ्या श्वासावर लक्ष कोण ठेवणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते आधी तेच विचारायला हवं.

अमेरिकेतल्या प्रसिद्ध विनोदी कलाकार जोन रिव्हर्स २८ ऑगस्ट २०१४ रोजी मॅनहॅटनमधल्या एका दवाखान्यात घसा आणि जठराच्या तपासणीसाठी गेल्या. प्रोपोफॉलची भूल दिलेली असताना त्यांचा प्राणवायू कमी पडला, हृदय थांबलं, मेंदूला इजा झाली आणि ४ सप्टेंबरला त्या गेल्या. नंतरच्या सरकारी चौकशीत दिसलं की भूल देण्याआधी त्यांच्या वजनाची नोंदच नव्हती आणि नाडी, रक्तदाब खालावत असताना ते वेळेत ओळखलं गेलं नाही. औषध तेच, जे जगभर रोज असंख्य रुग्णांना सुखरूप दिलं जातं. चूक देखरेखीत होती.

त्या खोलीत काय चालतं ते पाहा. रुग्ण डाव्या कुशीवर, दातांत प्लॅस्टिकची कडी, बोटाला चिमटा, दिवे मंद. डॉक्टरांची नजर पडद्यावर, दोन्ही हात दुर्बिणीवर. बोटावरचा ऑक्सिमीटर ‘९९’ दाखवतोय म्हणून सगळे निश्चिंत असतात. इथेच घात होऊ शकतो. नाकातून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास थांबल्यावरही हा आकडा काही काळ वरच राहतो. तो उतरू लागतो तेव्हा हाताशी असलेला वेळ बराच खर्ची पडलेला असतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ मात्र श्वास थांबताच सपाट रेघ दाखवतो. गाढ भूल द्यायची तिथे हे यंत्र हवंच, अशी मागणी रुग्णांनी आणि विमा कंपन्यांनीही लावून धरायला हवी.

मिडॅझोलामची गुंगी जास्त झाली तर फ्लुमाझेनिल, फेंटानिलची झाली तर नॅलॉक्सोन देऊन ती उतरवता येते. प्रोपोफॉलवर असा उतारा नाही. ते ओसरेपर्यंत कुणीतरी जबडा उचलून धरायचा, गरज पडली तर मास्कने श्वास द्यायचा. हे दुर्बीण धरलेल्या हातांनी व्हायचं काम नाही. म्हणून गाढ भूल असेल तर फक्त तेवढंच काम पाहणारा भूलतज्ज्ञ हवा. हलक्या गुंगीतही देखरेखीसाठी प्रशिक्षित, वेगळी व्यक्ती हवी. तो खर्च वाचवणं मला अक्षम्य वाटतं.

आपल्याकडूनही माहिती लपता कामा नये. झोपेत मोठ्याने घोरत असाल, श्वास अडकत असेल, दमा किंवा हृदयविकार असेल तर सांगा. वजन कमी करण्याची किंवा मधुमेहाची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं घेत असाल तर ती मनानेच बंद करू नका, पण आठवणीने सांगा : त्यांच्यामुळे जठर सावकाश रिकामं होतं आणि उपाशी असूनही पोटात अन्न उरू शकतं. ते घशाशी येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. ‘सकाळी फक्त अर्धा कप चहा घेतला’ हेही दडवू नका. दूध घातलेला चहा पाण्यात मोजत नाहीत. त्यासाठी साधारण सहा तासांचं अंतर लागतं.

आणि झोपायलाच हवं असंही नाही. नुसती पाहणी असेल तर पाच-दहा मिनिटांचं काम. घशात बधिरीचा फवारा मारून अनेकांची तपासणी व्यवस्थित होते. उबळ येते, डोळ्यांत पाणी येतं, पण आपण जागे असतो. गुंगी घेतली तर मात्र सोबत माणूस हवा आणि पुढचे २४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सह्या करायच्या नाहीत.

रक्तस्रावासारखी तातडी सोडली तर ही तपासणी बहुधा ठरवूनच होते. संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारा : भूल कोण देणार, श्वासावर लक्ष कोण ठेवणार? नीट उत्तर मिळालं नाही तर फवाऱ्यावरच करा म्हणा, नाहीतर दुसरीकडे तारीख घ्या.