संकेतस्थळ कोणाच्या नावावर?



भारतीय रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ रोजी परिपत्रक काढून बँकांना आपली संकेतस्थळे ‘बँक.इन’ या अक्षरांनी संपणाऱ्या नव्या पत्त्यावर नेण्यास सांगितले. मुदत होती ३१ ऑक्टोबर २०२५. बँकेच्या नावाची बनावट संकेतस्थळे उघडून ग्राहकांना लुबाडण्याच्या प्रकारांना आळा घालणे हा त्यामागील हेतू. हा पत्ता केवळ बँकांनाच मिळतो आणि त्याची नोंदणी आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या संस्थेकडेच होते. अवधी सहा महिन्यांहून थोडा अधिक. त्यातच सप्टेंबरअखेरचे सहामाही हिशेब आणि दिवाळीची वर्दळ. बँकांकडे त्यासाठी मनुष्यबळ होते, तज्ज्ञ होते. असाच प्रसंग आपल्या पेढीवर आला तर काय होईल, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

लहान व्यापाऱ्यांवर तो येऊनही गेला आहे. गूगलच्या व्यवसाय-नोंदीबरोबर दुकानदारांना विनामूल्य संकेतस्थळ मिळत असे आणि त्याचा पत्ता ‘बिझनेस.साइट’ या अक्षरांनी संपत असे. मार्च २०२४ मध्ये ही सोय बंद झाली. जुन्या पत्त्यावर येणाऱ्या ग्राहकाला १० जून २०२४ पर्यंत दुकानाच्या गूगल-नोंदीकडे वळवले जात होते. त्यानंतर तेही थांबले. ज्यांनी खोक्यांवर, पिशव्यांवर आणि बिलांवर तो पत्ता छापला होता, त्यांचे छापील साहित्य निरुपयोगी ठरले. पत्ता गूगलच्या मालकीचा असल्याने व्यापाऱ्याला तो सोबत नेता आला नाही.

यातील मर्म समजून घेऊ. संकेतस्थळाचे नाव म्हणजे डोमेन आणि ते जेथे साठवलेले असते ती जागा म्हणजे होस्टिंग. डोमेन ही दुकानाची पाटी, तर होस्टिंग हा भाड्याचा गाळा. पाटी आपली असेल तर गाळा बदलूनही गिऱ्हाईक आपल्यापर्यंत पोहोचते. पाटीच दुसऱ्याची असेल, तर गाळा कितीही सजवला तरी व्यर्थ. डोमेनही कायमचे विकत मिळत नाही. ते एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते.

म्हणून पहिला प्रश्न असा, की हे डोमेन कोणाच्या नावावर आहे? अनेक पेढ्यांत संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलाने ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवरून नोंदवलेले असते. काही ठिकाणी पुतण्याच्या खाजगी मोबाइलवर सारे पासवर्ड असतात. घर एकत्र असेपर्यंत याने काही बिघडत नाही. वाटणीची वेळ आली, की दुकान, गोदाम, उधारी-उसनवारी यांचा पैन् पै हिशेब होतो. परंतु २० वर्षांच्या सचोटीने रूढ झालेले संकेतस्थळ, ग्राहकांची यादी आणि पेढीचा व्हॉट्सअॅप क्रमांक यांचा उल्लेख भागीदारीच्या दस्तात बहुधा नसतो. मग जो पासवर्ड जाणतो तोच मालक ठरतो आणि भावाभावांत कटुता येते. भागीदारीच्या दस्तात यासाठी एक स्वतंत्र कलम घालावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन अधिकाऱ्यांकडे दोन किल्ल्या असतात, जेणेकरून कोणा एकाला मोहापायी ती एकट्याने उघडता येऊ नये. पेढीच्या पासवर्डांनाही हीच शिस्त लावावी. नोंदणी पेढीच्या नावावर, ई-मेल पेढीचा आणि प्रवेशाची माहिती किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे.

आता प्रत्यक्ष स्थलांतराकडे वळू. मुदत थोडी असली, की माणूस सर्व काही एकदम बदलू पाहतो. तसे करू नये. नोंदणी एका कंपनीकडून दुसरीकडे न्यायची असल्यास ‘ऑथ कोड’ हा गुप्त संकेत लागतो आणि ‘डॉट कॉम’सारखे डोमेन नव्याने नोंदवल्यावर वा हलवल्यावर साधारणपणे ६० दिवस पुन्हा हलवता येत नाही. तेव्हा घाईच्या वेळी नोंदणी आहे तेथेच राहू द्यावी. फक्त गाळा बदलावा. त्याआधी मालाची छायाचित्रे, दरपत्रके, ग्राहकांच्या नोंदी, जुने ई-मेल यांची यादी करून दोन प्रती काढाव्यात आणि त्यांतील एक पेढीबाहेर ठेवावी. यादी करताना दुसऱ्याची, विनापरवाना उचललेली छायाचित्रे आढळली तर ती तेथेच सोडून द्यावीत. अदत्तादानाचा त्याग करणाऱ्या श्रावकाला याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

सर्वांत मोठी चूक ई-मेलबाबत होते. संकेतस्थळ नव्या जागी गेले, परंतु डाक कोणत्या पत्त्यावर उतरवायची ही डोमेनमधील नोंद राहून गेली, तर मागणीपत्रे येणे थांबते. जीएसटीच्या नोंदणीत जर तोच ई-मेल दिलेला असेल, तर ओटीपीही पोहोचत नाही आणि विवरणपत्राच्या तारखेला धावपळ उडते. म्हणून प्रथम ई-मेलची व्यवस्था तपासावी, मग संकेतस्थळ हलवावे. बदल सर्वत्र पोहोचण्यास ४८ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यामुळे ऐन सणाच्या विक्रीत वा विवरणपत्राच्या आदल्या दिवशी हे काम काढू नये. नवी जागा नीट चालते याची खात्री होईपर्यंत जुन्या जागेचे भाडे भरत राहावे. त्या थोड्या रकमेत काटकसर नको.

नावच बदलले असेल, तर जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे कायमचे वळण द्यावे आणि ते किमान एक वर्ष ठेवावे. जुने डोमेन सोडून देण्याची घाई तर मुळीच करू नये. सोडलेले नाव कोणीही नोंदवू शकतो आणि आपल्या पाटीखाली दुसऱ्याचे दुकान थाटले जाते. ग्राहक मात्र आपल्यावरील विश्वासानेच तेथे पैसे भरतो. स्थलांतराच्या काळात ‘तुमच्या डोमेनची मुदत संपत आहे, येथे पैसे भरा’ असे बनावट संदेशही येतात. नोंदणी कंपनीचा पत्ता स्वतः टंकून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

आपल्या धर्मात जयणेला मोठे स्थान आहे. चालणे, बसणे, वस्तू उचलणे, ठेवणे या प्रत्येक क्रियेत जागरूक राहावे, ही तिची शिकवण. मालमत्ता एका जागेहून दुसऱ्या जागी नेतानाही तीच जागरूकता हवी. दिवाळीला आपण चोपडीपूजन करतो. यंदा त्या चोपडीच्या अखेरच्या पानावर डोमेनचे नाव, नोंदणी कोणाकडे व कोणाच्या नावावर, नूतनीकरणाची तारीख आणि जबाबदार दोन व्यक्ती अशा चार ओळी लिहाव्यात. पासवर्ड मात्र तेथे लिहू नये. तोवर, दिवाळीची वाट न पाहता, उद्या दुकान वाढवण्यापूर्वी संकेतस्थळ करून देणाऱ्याला एवढेच विचारावे, की आमची पाटी कोणाच्या नावावर आहे? उत्तर लेखी मागावे.