दुसरा डबा दुसऱ्या गावात

सांगलीत भाड्याची खोली बघायला आलेला माणूससुद्धा आधी विचारतो, "२०१९ ला इथं पाणी कुठपर्यंत आलं होतं?" भाडं, डिपॉझिट, नळाची वेळ हे सगळं त्यानंतर. मी या गावात लग्नाचे फोटो काढतो. माझ्या धंद्यातले लोक गाळा घेतानाही हेच विचारतात. पण वर्षानुवर्षांची लग्नं ज्या हार्ड डिस्कवर साठवली आहेत ती कुठं ठेवायची, हे ठरवताना मात्र हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नाही. जिथं संगणक, तिथंच डिस्क. बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा शहरात शिरलं. पाणी ओसरल्यावर लोक गच्चीवर, गाडीच्या बॉनेटवर अल्बम वाळत घालत होते. भिजलेल्या अल्बमची पानं चिकटतात, रंग सुटतात, तरी नवरा-नवरी ओळखू येतात. चिखल गेलेल्या डिस्कचं तसं नसतं. रिकव्हरीवाला आधी तपासणीचे पैसे घेतो आणि मग सांगतो, "बघू, किती निघतंय ते." तळमजल्यावरच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे दोन प्रती होत्या. दोन्ही एकाच कपाटात होत्या आणि दोन्ही एकाच रात्री बुडाल्या. हौसेनं दुसरी किल्ली करून घ्यायची आणि ती पहिलीच्याच जुडग्यात अडकवायची, तशातली गत.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. तुमच्याकडे नॅस असेल आणि गाठीला थोडे पैसे असतील, तर त्याच डब्यात आणखी डिस्क कोंबू नका. साधासा दुसरा डबा घ्या आणि तो दुसऱ्या गावात ठेवा.

नॅस म्हणजे राउटरला जोडलेला, आत दोन-चार हार्ड डिस्क असलेला एक छोटा संगणक. घरातले फोन, लॅपटॉप, एडिटिंगचं मशीन, सगळ्यांची साठवण त्याच्यावर. पूर्वी हा प्रकार कंपन्यांच्या ऑफिसात दिसायचा. आता फोटोग्राफर, सीए, आर्किटेक्ट आणि हौशी लोकांच्या घरातही असतो. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजनं अमर्याद फुकट साठवण बंद केली आणि १५ जीबीत भागेनासं झालं, तेव्हा बऱ्याच घरांत हा डबा आला. आमच्याकडे त्याच्याशिवाय चालतच नाही. १०० एमबीपीएसनं शूट केलेला फोर-के व्हिडिओ तासाला ४५ जीबी खातो. दोन कॅमेरे, हळदीपासून वरातीपर्यंत. हिशेब तुम्हीच करा.

विकणारा सांगतो, "साहेब, यात रेड आहे, एक डिस्क गेली तरी दुसरी आहे." खोटं नाही ते. रेड वनमध्ये प्रत्येक फाइल दोन्ही डिस्कवर लिहिली जाते, त्यामुळे एक मेली तरी काम थांबत नाही. पण हा उपाय फक्त डिस्क मरण्यावर आहे. पोरानं चुकून अख्खा फोल्डर उडवला तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी उडतो. डबा चोरीला गेला, वीज पडली, पुराचं पाणी आलं, व्हायरसनं फाइलींना कुलूप घातलं, यांतल्या कशालाच रेड पुरत नाही. आणि डिस्कच्या वॉरंटीत काय मिळतं? नवी डिस्क, रिकामी.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा नियम सगळीकडे सांगितला जातो. तो लोकांत रुजवला पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं, हे आमच्या धंद्यातल्या लोकांना सांगितलं की जरा कान टवकारतात. नियमातलं शेवटचं कलमच सगळे गाळतात, कारण पहिल्या दोन गोष्टी दुकानात विकत मिळतात आणि तिसरीसाठी कुणाच्या तरी घरी जाऊन विनवणी करावी लागते.

माझा दुसरा डबा विट्याला अक्काच्या घरी आहे. विटा कृष्णेच्या पुरापासून लांब, माळावरचं गाव. इथं पाणी आलं तरी तिथं येणार नाही, एवढा एकच निकष लावला. डबा नवा महागडा नाही. दोन डिस्कचा, साधा प्रोसेसर. रोज काम पहिल्यावर होतं. दुसऱ्यानं फक्त रात्री जागायचं. पहिली भरती मात्र इंटरनेटवरून करण्याच्या फंदात पडू नका. ८ टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या अपलोडनं चढवायला, लाइन एकदाही न तुटता, आठवडाभराहून जास्त लागतो. त्यापेक्षा दोन्ही डबे एकाच राउटरला जोडले की तेवढंच काम दिवसभरात होतं. ते झालं की डबा टॉवेलात गुंडाळायचा, मांडीवर घ्यायचा आणि विट्याची एसटी धरायची. त्यानंतर रोज रात्री फक्त नवं किंवा बदललेलं तेवढंच जातं.

दाजींनी पहिला प्रश्न लाइट बिलाचा विचारला. रास्त प्रश्न आहे. असा डबा वीसेक वॅट खातो, महिन्याला चौदा-पंधरा युनिट. ते पैसे मी देतो. छोटा यूपीएसही मीच आणून दिला, कारण लाइट मध्येच गेली की डिस्कवर चाललेलं लिखाण अर्धवट राहतं. अक्काच्या सासूबाईंना त्या निळ्या दिव्यांचं कुतूहल.

"पाव्हणं, ह्यात नेमकं काय हाय?"

"लोकांची लग्नं, मावशी."

"मग टीव्हीवर नको. पोरं खाली पाडतील." आणि त्यांनी तो उचलून धान्याच्या कोठीजवळच्या उंच फळीवर ठेवला. तिथं हवा खेळती आहे, राउटरची वायर पोचते आणि कुणाचा हात जात नाही. मला यापेक्षा चांगली जागा सुचली नसती. बदल्यात अक्काच्या घरातल्या सगळ्यांच्या फोनचे फोटो त्या डब्यात जातात आणि तिथून माझ्याकडे येतात. म्हणजे त्यांचीही एक प्रत सांगलीत.

दोन बारकावे सांगतो, कारण लोक इथंच फसतात. पहिला, दोन्ही डबे नुसते "सिंक" करून ठेवले तर इथं उडवलेलं तिथंही उडतं. म्हणून दुसऱ्यावर जुन्या आवृत्त्या राखून ठेवायच्या. बहुतेक नॅसवर स्नॅपशॉटची सोय असते, ती चालू करायची. दुसरा, देणं-घेणं कुणी करायचं? माझ्या मते विट्याच्या डब्यानं सांगलीत येऊन माल उचलावा. सांगलीच्या डब्याकडे विट्याची चावीच असू नये. इथं कुणी शिरलाच, तर त्याला तिथवर जायला वाट मिळत नाही.

ही भीती कल्पनेतली नाही. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या रॅन्समवेअरनं जगभरातल्या क्यूनॅप डब्यांतल्या फाइली सेव्हन-झिपनं कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. पुढच्या जानेवारीत डेडबोल्टनं तेच केलं. त्याच्या तावडीत सापडले ते थेट इंटरनेटवर उघडे ठेवलेले डबे. तेव्हा "बाहेरून फोटो दिसायला पाहिजेत" म्हणून राउटरचं पोर्ट उघडून देणाऱ्या हुशार भाच्याला आवरा. दोन डब्यांना एकमेकांशी बोलायला टेलस्केलसारखं खासगी व्हीपीएन पुरतं. घरगुती ब्रॉडबँडवर स्वतःचा पब्लिक आयपी नसला तरी ते चालतं.

"मग क्लाउडच का नको?" हा पुढचा प्रश्न. कागदपत्रं, जमिनीचे उतारे, घरातले मोजके फोटो यांच्यासाठी जरूर घ्या, मीही घेतो. पण टीबीवर टीबी साठवायचे तर दर महिन्याचं भाडं आयुष्यभर भरावं लागतं. शिवाय क्लाउड म्हणजे दुसऱ्याची इमारत. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं. एका ग्राहकानं बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते आणि त्या प्रती मूळ डेटाच्याच जागी होत्या. प्रकरण कोर्टात गेलं, २०२३ मध्ये निकाल ग्राहकाच्या बाजूनं लागला, पण डेटा काही परत आला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या जी-ड्राइव्हचा ८५८ टीबी साठा गेला. आकार फार मोठा म्हणून बाहेर प्रत ठेवली नव्हती, असं स्पष्टीकरण मिळालं. एवढ्या पुढारलेल्या देशात ही तऱ्हा, तर आमच्या खणातल्या डिस्कचं काय घेऊन बसलात.

मागच्या सीझनला एक तरुण आला. बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ हवा होता. घरची सीडी चालत नव्हती. फोटो होते घरी, पण वडील वारल्यानंतर त्याला त्यांचा आवाज ऐकायचा होता. मंगलाष्टकं संपल्यावर वडील माइक हातात घेऊन "जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही" असं म्हणाले होते, एवढं त्याला आठवत होतं. ते वाक्य एडिट केलेल्या फिल्ममध्ये नव्हतंच, मी तेव्हा कापलं होतं. कच्च्या फुटेजमध्ये सापडलं. ती क्लिप मी मुद्दाम विट्याच्या डब्यावरून काढली. परत काढून बघितल्याशिवाय बॅकअप आहे असं मी धरत नाही, आणि अशी गिऱ्हाइकं आली की तेवढीच तपासणीही होते.

आमच्या व्यवसायात बहुतेकांच्या ऑर्डर फॉर्मवर तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं, की डिलिव्हरीनंतर डेटाची जबाबदारी आमची नाही. माझे सहकारी म्हणतात, फुकट का सांभाळायचं? बरोबर आहे, फुकट सांभाळू नये. डेटा किती वर्षं ठेवणार, किती प्रती, त्या कोणत्या दोन ठिकाणी, हे मोठ्या अक्षरात छापावं आणि त्याचे पैसे बिलात वेगळे लावावेत. गिऱ्हाईक ड्रोनसाठी घासाघीस न करता पैसे मोजतं, याच्यासाठीही मोजेल. आणि ज्याला नको असेल त्यानं त्याच फॉर्मवर तशी सही करावी.