गोळी रोजची, योजना भरती झाल्यावरची

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, हिंगणीसारख्या गावात बीपी आणि शुगर म्हणजे दर महिन्याचा ठरलेला खर्च. पट्टी संपत आली की कोणी गोळीचे दोन तुकडे करून आठवडा काढतो, कोणी बरं वाटतंय म्हणून खाडा करतो. याला निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे. मला त्यात खिशाचा हिशेब दिसतो. आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालानुसार देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. तरीही आपली सरकारी मदत खाटेभोवतीच फिरते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, डायलिसिसही होते. पण मूत्रपिंड शाबूत राहावे म्हणून रोज घ्यायच्या गोळीला त्यात जागा नाही.

यावर उत्तर येते की, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेतच. निर्णय चांगला आहे, पण मोफत गोळी मिळवायला फेरी मोफत होत नाही. सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी सुरू असताना रांगेत दिवस घालवला की मजुरी बुडते आणि साठा संपला असेल तर ‘बाहेरून घ्या’ हे ऐकून परतावे लागते. जनऔषधी केंद्रांमुळे भाव उतरला हे खरे, पण केंद्र गाठायचे भाडे उतरत नाही. तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ पासून बीपी-शुगरच्या गोळ्या रुग्णाच्या दारापर्यंत न्यायला सुरुवात केली. घरपोच गोळ्या वाया जातील ही शंका रास्त आहे. रिकाम्या पट्ट्या पाहूनच पुढच्या द्याव्यात. पैशांची अडचण मात्र मला पटत नाही. रक्तदाबावरच्या अॅम्लोडिपिनची दहा गोळ्यांची जनऔषधी पट्टी दहा रुपयांच्या आत मिळते, पक्षाघाताने घरचा कमावता हात लुळा पडला तर त्याची भरपाई कशानेच होत नाही.

याच वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने गावकऱ्यांकडून सुगीला ऐपतीप्रमाणे ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला. आजार येण्याआधी तजवीज करायची, हे या मातीला नवे नाही. जिल्हा परिषदेने आता एवढेच करावे: नोंद झालेल्या प्रत्येक बीपी-शुगरच्या रुग्णाला दोन महिन्यांच्या गोळ्या गावातच द्याव्यात आणि त्याची सुरुवात हिंगणीपासून करावी.