दुबळ्या माशाचा डाव

मागच्या पावसाळ्यात आमच्या वर्गात एक साथ आली होती. घाबरू नका, तापाची नव्हे, सोनेरी पत्त्यांची! सोन्याचे कसले, चकचकीत प्लॅस्टिकचे. वर पोकेमॉनचं चित्र आणि कोपऱ्यात भला मोठा आकडा. खेळ काय, तर दोघांनी एकेक पत्ता टाकायचा, ज्याचा आकडा मोठा त्याने दोन्ही न्यायचे. झाला खेळ! ज्याच्या खिशात खाऊचे पैसे जास्त, त्याच्याकडे पाकिटं जास्त आणि तोच राजा.

आमच्याकडे कडावच्या पलीकडच्या वाडीवरून एक मुलगा चालत येतो. चौथीत आहे. त्याला डोंबिवलीच्या आतेभावाने जुने पत्ते दिले होते. त्यात दोन पत्ते मॅजिकार्पचे. लालसर रंगाचा, वेड्यासारखा तोंड वासलेला मासा. आकडा किती? ३०! बाकीच्यांचे पत्ते दोनशे-तीनशेचे. पोरं त्याला ‘बोंबील’ म्हणू लागली. त्याच्याकडे गायराडॉसचाही एक पत्ता होता, निळ्या राक्षसी सापासारखा. “तो दे, चार सोनेरी देतो,” असं एकाने म्हटलं, याने नाही म्हटलं, आणि झाली की मारामारी! मी सगळ्यांचे पत्ते घेतले नि कपाटात कुलूपबंद केले.

दुसऱ्या दिवशी तो हळूच येऊन म्हणाला, “बाई, कपाटात पाणी गळत नाही ना?”

खरं सांगते, मला वाईट वाटलं. पत्ते हिसकावून घेतले, पण हा खेळ काय असतो ते मी विचारलंसुद्धा नव्हतं. मग संध्याकाळी ठाण्याच्या भाच्याला फोन लावला आणि वहीत नियम उतरवून घेतले.

हा खेळ जपानमध्ये १९९६ साली निघाला, इंग्रजीत १९९९ साली आला. प्रत्येकाने आपला साठ पत्त्यांचा कॅट स्वतः जुळवायचा. एका नावाचे पत्ते जास्तीत जास्त चार. फक्त साध्या एनर्जीच्या पत्त्यांना ही मर्यादा नाही. सुरुवातीला हातात सात पत्ते. एक पोकेमॉन पुढे लढायला, बाकीचे मागे बाकावर! आणि कोपऱ्यातला तो आकडा म्हणजे त्याचा जीव, मार्क नव्हेत.

आता त्या बोंबलाची, म्हणजे मॅजिकार्पची गंमत ऐका. या जुन्या पत्त्यावर एक डाव लिहिलेला आहे: माशाला जितका मार बसलेला असेल, तितकाच तो उलटा मारतो. वीसचा घाव बसला तर हा वीसचा परत देतो. आणि पुढच्या खेपेला त्याच्यावर गायराडॉस ठेवता येतो. म्हणजे मासा वाढून राक्षस होतो, जीव शंभर, एका तडाख्यात पन्नास! धबधबा चढून गेलेला मासा ड्रॅगन होतो अशी चीन-जपानकडे जुनी कथा आहे, तिच्यावरूनच हे सुचलेलं. आमच्या त्या मुलाला हे चटकन समजलं. मृगाच्या पावसात वळगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध उड्या मारत शेतात चढतात, ते त्याने दरवर्षी पाहिलेलं!

लहान पत्ता मोठा ठरणं आपल्याकडेही जुनंच आहे, बरं का. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा पाहिल्यात? गोल पत्ते, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, एकूण १२०. राजा आणि प्रधानाखाली पाच अवतारांत दहाचा पत्ता सर्वांत मोठा, उरलेल्या पाचांत मात्र एक्का!

पण गायराडॉस एकच असेल तर? साठांतला एक पत्ता पहिल्या सातांत येण्याची शक्यता शंभरात बाराच्या आसपास. चार असले तर जवळजवळ चाळीस. विश्वास नाही? साठ चिठ्ठ्या करा, चारांवर फुली मारा, डोळे मिटून सात काढा. वर्गात आम्ही हा खेळ गणिताच्या तासाला केला. (तास बुडाला असं कुणी म्हणू नये.)

पत्ते विकत आणायचे नव्हतेच. घरोघरच्या जुन्या लग्नपत्रिका कापून आम्ही पत्ते केले. स्पर्धेत असले पत्ते चालत नाहीत. आपसांत सगळ्यांनी कबूल केलं की चालतात. त्याने मॅजिकार्प चार आणि गायराडॉस चार घेतले. मासा बाकावर वाढेपर्यंत पुढे कोण उभं राहणार? म्हणून स्क्वर्टल हे कासव घेतलं. नाणं उडवून छापा आला की ते कवचात शिरतं, मग पुढचा घाव लागत नाही. एनर्जीचे चोवीस. एका खेपेला एकच एनर्जी लावता येते आणि गायराडॉसला पन्नासच्या तडाख्यासाठी तीन लागतात, म्हणून ती मागे बसलेल्या माशालाच आधीपासून लावत राहायची. ही युक्ती त्याची स्वतःची, माझी नव्हे.

शनिवारी सामना झाला. समोर पिकाचू. मासा पाण्यातला, पिकाचू विजेचा, म्हणजे घाव दुप्पट! दहाचा चावा वीसचा झाला, माशाचा जीव उरला दहा. माशाने उलटून वीस दिले. आता पिकाचूचा आणखी एक चावा बसला की खलास! पण मासा कसाबसा वाचला, त्याला मागे घेऊन कासव पुढे आलं, आणि दोन खेपांनी माशावर गायराडॉस बसला. मुख्य म्हणजे, आता विजेची भीती गेली!

तो सामना मात्र तो हरला. पुढे पत्तेच नीट येईनात. पण घरी जाताना पिकाचूवाल्यानेच विचारलं, “तुझा तो मासा मला काढून देशील? मी माझे सोनेरी देतो.” यावर हा म्हणाला, “सोनेरी नको, पत्रिका आण.”

तर पालकहो, घरातल्या जुन्या पत्रिका रद्दीत घालू नका. आणि मुलांनो, खरे आणि घरचे पत्ते एका कॅटमध्ये मिसळू नका. पाठीवरूनच ओळखू येतात! सगळेच घरचे करा आणि पत्रिकेची कोरी बाजू पाठीला येऊ द्या. छापील गणपती वर आला की कुठला पत्ता आहे ते समोरच्याला लगेच कळतं. आमचा पहिला कॅट याच पायी वाया गेला.