‘मुसंडी’ कशाला म्हणावे?

‘मुसंडी मारणे’ म्हणजे अडथळ्यांना न जुमानता एकाएकी जोराने पुढे घुसणे. उसळी वर जाते, झेप मधले अंतर ओलांडते; मुसंडी मात्र समोरची अडवणूक भेदते. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू बचावपटूंच्या घेऱ्यातून जोर करून मध्यरेषा गाठतो, ती खरी मुसंडी. शेअर बाजाराचा निर्देशांक किंचित वधारला, तरी वृत्तपत्रे ‘बाजाराची मुसंडी’ असे मथळे देतात. हा सैल वापर मला योग्य वाटत नाही. त्यामुळे शब्दातील झुंज हरवते. याउलट, संसार आणि रोजगार सांभाळून, अर्ध्यावर सुटलेले शिक्षण पुन्हा हाती घेणारी एखादी गृहिणी पहिल्याच प्रयत्नात दहावी उत्तीर्ण झाली, तर तिने मुसंडी मारली, असे खुशाल म्हणावे.