विश्लेषण : सातव्या पिढीला ओसीआय कार्ड मिळेल, पण गाव कोण शोधून देणार?

मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ अर्थात ओसीआय कार्ड देण्याची घोषणा राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मार्च २०२४ मधील दौऱ्यात केली. वर्षभराने पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पोर्ट लुईमध्ये तोच विषय पुढे नेला. सुरीनाम आणि त्रिनिदादसाठी ही मर्यादा सहाव्या पिढीपर्यंत वाढवण्यात आली आहे. घोषणेचे स्वागत झाले ते योग्यच. पण सात पिढ्या मागे जायचे म्हणजे थेट एकोणिसाव्या शतकात जायचे, आणि तिथला कागद शोधण्याचे काम अजून बरेचसे अर्जदाराच्याच गळ्यात आहे. मॉरिशसमधील मराठी भाषकांच्या बाबतीत त्या शोधाचा दुसरा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे.

नेमके काय बदलले?

ओसीआयच्या सर्वसाधारण नियमानुसार भारतीय पूर्वजाच्या पणतू-पणतीपर्यंत म्हणजे चौथ्या पिढीपर्यंत कार्ड मिळते. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये गेल्या पन्नास-साठ वर्षांत स्थायिक झालेल्या कुटुंबांना ते पुरते. गिरमिटिया मजुरांच्या वंशजांना पुरत नाही. १८५० च्या सुमारास जहाजावर चढलेल्या माणसाची आज कॉलेजात शिकणारी वंशज सहावी किंवा सातवी पिढी असते. म्हणजे ज्यांचे स्थलांतर सर्वात जुने आणि सर्वात खडतर, तेच नियमाबाहेर राहत होते. नवी सवलत ही चूक दुरुस्त करते.

कार्ड मिळाले की आजीवन व्हिसा मिळतो. मतदानाचा हक्क, सरकारी नोकरी किंवा घटनात्मक पद मिळत नाही, आणि शेतजमीनही विकत घेता येत नाही. शेतीतून उठून गेलेल्यांच्या वंशजांना हे कलम कसे वाटत असेल, हा प्रश्न वेगळाच.

‘गिरमिटिया’ कोण?

मराठीत गिरमिट म्हटले की सुताराचे भोक पाडायचे हत्यार डोळ्यांसमोर येते. हा गिरमिट मात्र ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचा अपभ्रंश. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमधील गुलामगिरी संपली. तिच्या आधीच उसाच्या मळ्यांसाठी नवे हात शोधणे सुरू झाले होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले आणि १९२० पर्यंत हा आकडा पाच लाखांच्या जवळ पोहोचला. करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपये. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. बहुतेक जण कोलकाता आणि मद्रास बंदरांतून गेले. मुंबईतून गेलेल्यांचा वाटा तिन्हींत सर्वात कमी होता, त्यात कोकणातले लोक बरेच होते.

ते उतरले त्या जागेचे नाव ‘कुली घाट’ होते. पुढे ते ‘आप्रवासी घाट’ झाले आणि २००६ मध्ये ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. मॉरिशसमध्ये २ नोव्हेंबरला सार्वजनिक सुट्टी असते. या मजुरांच्याच घरांतून देशाचे नेतृत्व पुढे आले. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम हे बिहारमधून गेलेल्या मजुराचे पुत्र. आज देशाच्या लोकसंख्येत भारतीय वंशाचे लोक सुमारे दोन-तृतीयांश आहेत. आणि स्वातंत्र्याचा दिवस ठरला १२ मार्च, म्हणजे दांडीयात्रा सुरू झाली ती तारीख.

मराठी किती टिकली?

घरात आणि रस्त्यावर क्रिओल, वर्तमानपत्रात फ्रेंच, सरकारी कामात इंग्रजी. अशा देशात मराठी ही शाळेत निवडायची एक पूर्वजांची भाषा म्हणून उरली आहे. हे कमी वाटेल, पण महाराष्ट्रातून कुणी शिक्षक किंवा अनुदान पाठवत नव्हते त्या काळापासून ती तिथे तग धरून आहे. कोकणातले जाखडी नृत्य तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचले जाते.

सर्वात बोलका पुरावा सुट्ट्यांच्या यादीत सापडतो. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची राष्ट्रीय सुट्टी असते, पण ती आपल्याकडच्या दुसऱ्या दिवशी येते. २०२३ मध्ये आपल्याकडे गणपती १९ सप्टेंबरला बसले, तिथली सुट्टी २० तारखेला होती. २०२४ मध्ये ७ आणि ८ सप्टेंबर. यात पंचांगाची चूक नाही. तिथे सुट्टी विसर्जनाच्या दिवसाची आहे, आणि गणपती दीड दिवसाचा. पुण्या-मुंबईच्या दहा दिवसांच्या सार्वजनिक उत्सवाची नक्कल करण्याऐवजी एका देशाने आपल्या दिनदर्शिकेत कोकणातल्या घरचा रिवाज जपला आहे.

मग अडचण कुठे आहे?

नावात. कोकणी माणसाच्या आडनावाला ‘कर’ लागले की ते आडनाव म्हणजे अर्धा पत्ता असतो. पण जहाजाच्या नोंदवहीत आडनावाचा रकाना आजच्यासारखा नव्हता. मजुराचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव. पुढे मजुराचे किंवा त्याच्या बापाचे पहिले नाव हेच घराण्याचे आडनाव झाले. ‘बाबाजी’ हे तिथे आडनाव असते. त्यावरून गाव कसे काढणार?

गावाचे नाव लिहिले असेल तर ते कारकुनाच्या कानाला ऐकू आले तसे, रोमन लिपीत. ते वाचता आले तरी प्रश्न उरतो की कोणते गाव? नांदगाव कणकवलीजवळ आहे, मुरूडजवळ आहे आणि नाशिक जिल्ह्यातही आहे. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा नव्हे. मालवण, देवगड, वेंगुर्ले त्यातच होते, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. सावंतवाडी तर स्वतंत्र संस्थान होते. पोर्ट लुईत बसून कुणी कितीही जिद्दीने शोधले तरी हा गुंता तिथून सुटणारा नाही.

मॉरिशसने आपल्या बाजूचे काम केले आहे. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात मजुरांच्या नोंदी आणि छायाचित्रे जपली आहेत. छायाचित्रांची गोष्ट विलक्षण आहे. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगणे सक्तीचे झाले. परवाना नसेल तर भटक्या ठरवून अटक. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ यांच्या मदतीने ९,४०१ मजुरांनी अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी शाही चौकशी आयोग नेमावा लागला. पाळत ठेवण्यासाठी काढलेले तेच फोटो आज अनेक कुटुंबांकडे असलेली पणजोबाच्या पिढीची एकमेव छबी आहे.

महाराष्ट्राने काय करावे?

एप्रिल २०२३ मध्ये मॉरिशसमध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्याला तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते. तिथल्या मराठी मंडळींना त्याचे अप्रूप आहे आणि ते खरे आहे. पण पुतळा आणि भवन हे तुलनेने सोपे सन्मान आहेत, त्यांना निधी, तारीख आणि पाहुणे लागतात. नोंदी जुळवायला माणसे लागतात, मोडी वाचणारी, आणि वर्षानुवर्षे.

हे अशक्य नाही. मुंबई इलाख्याच्या कागदपत्रांचा मोठा साठा काळा घोडा येथील एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे आहे. मोक्याच्या नोंदींतील मुंबई बंदराचा भाग मागवायचा, त्यातील गावांची नावे जुन्या जिल्हा-तालुक्यांशी आणि आजच्या महसुली गावांच्या यादीशी ताडून पाहायची, आणि तो तक्ता ऑनलाइन खुला करायचा. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने एकाच नावाची वेगवेगळी स्पेलिंग जुळवणे हा ओळखीचा प्रश्न आहे. मतदारयाद्यांपासून बँकांपर्यंत सगळे तो रोज सोडवतात. शेवटची खात्री मात्र त्या पंचक्रोशीची बोली माहीत असलेला माणूसच करू शकतो.

केंद्राने २००८ मध्ये ‘ट्रेसिंग द रूट्स’ योजना आणली होती. जानेवारी २०२५ मध्ये भुवनेश्वरच्या प्रवासी भारतीय दिवस संमेलनात पंतप्रधानांनी गिरमिटियांचा डेटाबेस व्हावा, ते कोणत्या गावातून गेले याची नोंद व्हावी, अशी कल्पना मांडली. ही नोंद झाली तर तिच्यात भोजपुरी पट्ट्याचा वाटा मोठा असणार, कारण तिथून गेलेले लोकच जास्त. मुंबईतून गेलेल्यांची संख्या थोडी असल्याने तो कप्पा राज्याने स्वतःहून उचलला नाही, तर तो यादीच्या तळाशी पडून राहील.

एक आक्षेप घेतला जातो की हे लोक मॉरिशियन आहेत, त्यांना ‘आपले’ ठरवण्याचा आटापिटा कशाला? आक्षेपात तथ्य आहे. त्यांचा देश मॉरिशस आहे, तो त्यांनी घडवला, आणि सगळ्यांनाच ओसीआय कार्ड हवे असेल असेही नाही. म्हणूनच गावाचा शोध कार्डाशी बांधून ठेवू नये. कार्ड न मागणाऱ्यालाही आपला पूर्वज कोणत्या वाडीतून निघाला हे विचारता आले पाहिजे. निदान रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत असा अर्ज कुणी घ्यायचा आणि किती दिवसांत उत्तर द्यायचे, एवढे ठरवणारा शासन निर्णय काढायला पैसेही लागत नाहीत.